झाडाच्या पोटातला सुतार

लाकूड कोण पोखरतं? असं कुणी विचारलं तर आपण चटकन सांगतो, वाळवी आणि भुंगा. ते खरंच आहे. पण आणखी एक चोर आहे. तो सहसा कुणाला दिसत नाही. झाडाच्या पोटात शिरून तो लाकूड कुरतडतो. बाहेरून झाड हिरवंगार दिसतं. आतून फांदी पोकळ होत जाते. मग एके दिवशी वारा सुटतो आणि फळांनी लदलेली फांदी काडकन मोडते. आपण वाऱ्याला दोष देतो. खरा चोर मात्र आतच बसलेला असतो.

हा चोर म्हणजे पतंगाची अळी. रात्री दिव्यावर झेपावणारे पतंग आपण रोज पाहतो. त्यांतल्या काही पतंगांच्या अळ्या पानं खात नाहीत, लाकूड पोखरतात. अशा पतंगांचं एक मोठं घराणंच आहे. शास्त्रज्ञ त्याला कॉसिडी म्हणतात. आपण त्यांना सुतार-पतंग म्हणू. या पाठात आम्ही या घराण्याची ओळख करून देणार आहोत. आपल्या बागेतलं झाड कसं वाचवावं, तेही सांगणार आहोत.

चार अवस्था

पतंगाच्या आयुष्यात चार अवस्था असतात. अंडं, अळी, कोष आणि पतंग.

मादी सालीच्या भेगेत अंडी घालते. अंड्यातून बारीक अळी निघते. ती झाडात शिरते आणि खाऊ लागते. तिचे जबडे फार बळकट असतात. जसजशी ती वाढते, तसतसं बीळ मोठं होतं. पुरती वाढ झाली की ती बिळाच्या तोंडाशी येऊन कोषात जाते. शेवटी कोष फुटतो आणि पतंग बाहेर पडतो. कोषाचं रिकामं टरफल पुष्कळदा भोकाच्या तोंडातच अडकून राहतं. असं टरफल दिसलं की समजावं, पाहुणा जेवून गेला.

गंमत अशी की, सुतार-पतंगाचं तोंड खाण्याच्या कामाचं नसतं. पतंग झाल्यावर तो काही खात नाही. अळी असताना अंगात साठवलेल्या चरबीवर तो थोडे दिवस जगतो. तेवढ्यात जोडी जमते, मादी अंडी घालते आणि मरते. म्हणजे नुकसान करते ती अळी. पतंग फक्त बी पेरून जातो.

लाकडात कस कमी असतो. म्हणून अळीची वाढ सावकाश होते. काहींना एक वर्ष लागतं. काहींना दोन, तीन किंवा त्याहूनही जास्त वर्षं लागतात. इतका काळ हा भाडेकरू झाडात राहतो आणि भाडं म्हणून भुसा देतो!

घराणं एक, आडनावं अनेक

शाळेच्या हजेरीपटात आधी आडनाव आणि मग नाव लिहितात. शास्त्रज्ञही प्रत्येक प्राण्याला असंच दुहेरी नाव देतात. पहिलं नाव वंशाचं, म्हणजे जणू आडनाव. दुसरं नाव त्या जातीचं. नाव देण्याची ही रीत स्वीडन देशातल्या लिनियस नावाच्या पंडितानं रूढ केली. १७५८ साली त्यानं आपल्या ग्रंथात हजारो प्राण्यांना अशी नावं दिली.

अनेक वंश मिळून एक कूळ होतं. सुतार-पतंगांच्या कुळात शंभराहून जास्त वंश आणि सातशेहून जास्त जाती आहेत. कूळ एक असलं तरी प्रत्येकाची चाल निराळी. कुणी खोडात राहतं, कुणी मुळात, कुणी उसात. त्यांतले काही पाहू.

कॉसस हा वंश युरोपात प्रसिद्ध आहे. याची अळी लालसर आणि बोटाएवढी जाड असते. ती ओक आणि विलो यांसारख्या झाडांच्या खोडात राहते. तिची वाढ व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात. तिच्या अंगाला बोकडासारखा उग्र वास येतो. म्हणून तिकडचे लोक या पतंगाला बकरी-पतंग म्हणतात.

झ्यूझेरा या वंशातले पतंग दिसायला सुंदर. पांढऱ्या पंखांवर निळसर काळे ठिपके, जणू बिबट्याच. यांच्यातली एक जात आपल्या देशात आहे. तिची अळी तांबडी असते. ती कॉफीची आणि चहाची झाडं पोखरते, चंदनालाही लागते. ती भोकातून बारीक गोळ्यांसारखी विष्ठा बाहेर टाकते. झाडाखाली अशा गोळ्या पडलेल्या दिसल्या तर मान वर करून फांदी तपासावी. ही पूर्वी याच वंशात गणली जात असे. अलीकडे शास्त्रज्ञांनी तिला वेगळ्या वंशात घातलं आहे. तपास वाढतो तशी आडनावंही बदलतात.

झायल्यूटीस वंशातली एक जात म्यानमार आणि थायलंड या देशांत सागाला लागते. तिथे सागाचं झाड उभंच राहतं, वाढतही राहतं. पण खोडात बोटभर रुंदीची भोकं राहून जातात. झाड तोडून फळ्या पाडल्या म्हणजे ती उघडी पडतात. मग सोन्यासारख्या लाकडाला भाव येत नाही. बापानं लावलेल्या झाडाचं नुकसान मुलाला कळतं, असा हा प्रकार!

दक्षिण भारतातही सागाचं खोड पोखरणारी या कुळातली एक अळी आहे. केरळात तिचा अभ्यास झाला आहे. ज्या झाडांच्या फांद्या लोकांनी छाटल्या आहेत, ज्यांना जखमा झाल्या आहेत, त्यांना ती जास्त लागते, असं दिसून आलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होईल.

अझायगोफ्लेप्स वंशातली एक जात हादग्याच्या खोडात शिरते. हादग्याची फुलं आपण भाजीला आणि भजीला वापरतो. पानवेलीच्या मळ्यात आधाराला हादगा आणि शेवरी लावतात. आधारच पोकळ झाला तर वेल कशावर चढणार?

फ्रॅगमाटेशिया वंशाला झाड लागत नाही. हा वंश बोरूसारख्या पोकळ गवतात राहतो. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर यांतली एक जात उसाचे कांडे पोखरते.

एन्डॉक्सिला हा ऑस्ट्रेलियातला वंश. यातली एक मादी जगातल्या सगळ्यांत जड पतंगांपैकी आहे. पंख पसरले तर वीतभर रुंद आणि वजन ३० ग्रॅमपर्यंत. याच वंशातली दुसरी एक अळी वाळवंटातल्या झुडपांच्या मुळात राहते. तिथले मूळ रहिवासी ती खणून काढतात. कच्ची खातात किंवा निखाऱ्यावर भाजून खातात. तिच्यात चरबी आणि प्रथिनं भरपूर असतात. ओसाड मुलखात ते मोठं पौष्टिक अन्न आहे.

मेक्सिको देशात कोमाडिया वंशातली तांबडी अळी घायपाताच्या जातीच्या झाडात सापडते. तीही लोक तळून खातात. एकाची कीड ती दुसऱ्याची मेजवानी!

आपल्या बागेतली अळी

आता घरचं बघू. महाराष्ट्रात बागाईतदाराला सगळ्यांत जास्त गाठ पडते ती साल खाणाऱ्या अळीशी. तिच्या वंशाचं नाव इंदरबेला. पूर्वी तिला सुतार-पतंगांच्याच कुळात धरत. आता तिचं कूळ वेगळं मानतात. पण नातं जवळचं आहे, आणि धंदा तोच.

पेरू, आंबा, संत्रं, मोसंबी, बोर, डाळिंब, आवळा, जांभूळ, शेवगा, बाभूळ, यांतलं काहीच तिला वर्ज्य नाही.

मे-जूनच्या सुमारास पतंग बाहेर पडतात. मादी सालीच्या भेगांत १५ ते २५ अंड्यांचे पुंजके घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात. फांदी जिथे फुटते त्या बेचक्यात अळी आत शिरते आणि बीळ करते. हे बीळ फार लांब नसतं, वीतभराच्या आतच असतं. ते तिचं राहण्याचं घर. दिवसा ती घरात झोपते. रात्री बाहेर येऊन साल खाते.

बाहेर येताना ती उघड्यावर येत नाही. तोंडातून रेशमासारखा धागा काढते. त्यात लाकडाचा भुसा आणि विष्ठा गुंफते. त्याची तपकिरी जाळी खोडावर पसरते. त्या जाळीच्या आडून ती खात राहते. नऊ-दहा महिने हाच क्रम. मग कोष, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा पतंग. वर्षाला एकच पिढी होते.

झाडाचा अन्नरस सालीतून खाली जातो. साल खाल्ली की ती वाट तुटते. फांदी सुकते, फळ कमी धरतं, बारीक राहतं. लहान झाड असलं तर मरूनही जातं. पेरूला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात, संत्र्याला त्याहून जास्त. इतकी वर्षं पाणी घालून वाढवलेलं झाड एका अळीपायी गेलं, तर जीव हळहळतो. घरच्या मिळकतीलाही खोट बसते.

ओळख कशी पटवावी?

१. जाळी दिसली की पुष्कळ लोक म्हणतात, वाळवी लागली. जाळी बोटांनी चुरून बघा. वाळवीचं आवरण मातीचं असतं. या अळीची जाळी भुशाची आणि धाग्यांची असते.

२. कोकणात आंब्याला भिरूड लागतो. तो भुंग्याचा किडा. त्याची अळी पांढरी असते आणि तिला पाय नसतात. पतंगाच्या अळीला पाय असतात. अळी सापडली तर उलटी करून पाहा.

३. फांदीच्या बेचक्यात नीट बघा. जाळी ओली आणि ताज्या भुशाची असली तर अळी आत आहे. जाळी कोरडी, जुनी असली तर बहुधा ती निघून गेलेली आहे.

उपाय काय करावा?

उपाय सोपा आहे. त्याला पैसा फार लागत नाही, नजर लागते.

आधी काठीनं किंवा कुंच्यानं सगळी जाळी काढून टाका. म्हणजे भोक दिसेल. भोकात लोखंडी तार घाला. ती पुढे-मागे करा. अळी आतच मरते किंवा तारेला अडकून बाहेर येते. मग कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवून भोकात कोंबा. वरून चिखलानं तोंड लिंपून टाका. हे करताना विडी ओढू नये, जवळ विस्तव ठेवू नये. काम झाल्यावर हात साबणानं धुवावेत.

दुसऱ्या आठवड्यात परत जाऊन बघा. नवी जाळी दिसली तर पुन्हा तसंच करा. पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, एक फेरी मारावी. जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी मारावी. कीड फारच पसरली असेल तर मनानं औषध मारू नका. शेतीखात्याच्या माणसाला झाड दाखवा आणि तो सांगेल तेच वापरा.

कीड येऊच नये म्हणून काय करावं? झाडं दाट लावू नयेत. वाळलेल्या फांद्या काढून जाळाव्यात. आणि सागाची गोष्ट आठवा. जखमी झाडाला अळी लवकर लागते. म्हणून कुऱ्हाडीचे घाव घालून फांद्या तोडू नयेत. करवतीनं साफ कापाव्यात. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, हे त्याचं माप. ते मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात करावं. लोखंडी भांडं वापरू नये.

बांधावर सुतारपक्षी टकटक करीत असेल तर त्याला हाकलू नका. खोडातल्या अळ्या हेच त्याचं खाणं. पोटातल्या सुताराला बाहेरचा सुतार पुरून उरतो!

एकट्यानं उपाय करून भागत नाही. पतंगाला बांध कळत नाही. आपली बाग साफ केली आणि शेजारची तशीच राहिली, तर जूनमध्ये पतंग उडून परत येणार. म्हणून चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात झाडं तपासावीत. बायकांनी आणि मुलांनीही यात यावं. मुलांची नजर तीक्ष्ण असते. जाळी त्यांनाच आधी दिसते.

सांगा पाहू

१. सुतार-पतंग झाडाचं नुकसान कोणत्या अवस्थेत करतो?
२. वाळवीचं आवरण आणि अळीची जाळी यांत फरक काय?
३. सागाच्या खोडातल्या भोकांमुळे मालकाचं नुकसान कसं होतं?
४. शेजाऱ्यांनी मिळून उपाय का करावा?

करून पाहा

उद्या सकाळी आपल्या दारातलं किंवा बांधावरचं एक झाड तपासा. प्रत्येक बेचक्यात पाहा. किती ठिकाणी जाळी दिसली, ते तारीख घालून वहीत लिहा. उपाय केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा आणि तेही लिहा. दोन्ही आकडे पुढच्या वर्गात वाचून दाखवा.

नवे शब्द

कूळ – घराणं
वंश – एका कुळातला लहान गट
कोष – अळी पतंग होण्याआधी ज्यात राहते ते कवच
बेचकं – फांदी फुटते ती जागा
मोरचूद – निळ्या रंगाचं तांब्याचं मीठ