कोरोना समजून घेऊ, घर आणि गट सांभाळू



जुलै २०२१ मध्ये दुसरी लाट ओसरत चालली होती. पेरण्या झाल्या होत्या, कुठे भाताची लावणी तर कुठे खुरपणी चालू होती. गटाच्या बैठकाही पुन्हा भरू लागल्या होत्या. पण आठवा, पहिली लाट गेल्यावर आपण सगळ्याच जरा सैल झालो होतो. लग्नं झाली, जत्रा झाल्या आणि पुढच्या लाटेत आजार शहरातून थेट आपल्या वाड्यावस्त्यांवर आला. कितीतरी गटांमधली एखादी जागा आज रिकामी आहे.

म्हणून या अंकात कोरोनाची माहिती पुन्हा पहिल्यापासून घेऊ. ज्या ताईंना वाचता येतं त्यांनी गटाच्या बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचावा. एकेका मुद्द्यावर थांबावं, बोलावं. शेवटी गटाने करायची कामं दिली आहेत, ती ठरावाच्या वहीत लिहून घ्यावीत.

१. हा विषाणू आहे तरी काय?

या विषाणूचं नाव सार्स-कोव्ह-२ आणि त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराचं नाव कोविड-१९. चीनमधल्या वुहान शहरात डिसेंबर २०१९ मध्ये हा आजार पहिल्यांदा लक्षात आला, म्हणून नावात १९ आहे. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये सापडला. आपल्या राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले आणि दोनच दिवसांनी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभराची साथ असल्याचं जाहीर केलं.

विषाणू इतका बारीक असतो की आपल्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो विषाणू शेजारी शेजारी मावतील. तो आपणहून वाढू शकत नाही. त्याला माणसाच्या शरीरातली पेशी लागते. नाक, तोंड किंवा डोळ्यांतून आत शिरायचं, पेशीत घुसायचं आणि आपल्यासारखे हजारो तयार करायचे, एवढंच त्याचं काम. काहींच्या बाबतीत तो फुप्फुसापर्यंत पोचतो, तिथे सूज येते आणि रक्ताला प्राणवायू कमी पडू लागतो. जीवाला धोका होतो तो इथे.

विषाणूवर स्निग्ध, म्हणजे तेलकट पदार्थाचं आवरण असतं. तुपाचं भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावला की लगेच सुटतं. तसंच इथे होतं. साबणाने ते आवरण फुटतं आणि विषाणू निकामी होतो. त्यासाठी महागडा साबण लागत नाही, कपड्याची वडीसुद्धा चालते. मात्र बोटांच्या बेचक्या, नखं आणि बांगड्यांखालचं मनगट चोळून किमान २० सेकंद हात धुवायचे.

२. पसरतो कसा?

चूल डोळ्यांसमोर आणा. दार-खिडकी बंद असलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटवली की धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात. तीच चूल अंगणात मांडली तर धूर वाऱ्यावर निघून जातो. कोरोनाचंही असंच आहे. बाधित माणूस बोलतो, खोकतो, शिंकतो, गाणं म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडातून बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, पण अगदी बारीक कण बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगतात. म्हणून बंद खोली, गर्दी आणि जवळून बोलणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका सगळ्यात जास्त.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. साथीच्या सुरुवातीच्या काळात बहुतेकांना ती पाचव्या-सहाव्या दिवशी दिसत. पण लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. काहींना तर लक्षणं येतच नाहीत. म्हणून "ती तर ठणठणीत दिसते" यावर विसंबता येत नाही. मास्क सगळ्यांनी लावायचा तो यासाठीच.

३. पदर चालेल का?

साडीचा पदर एकपदरी आणि पातळ असतो. हाताने धरला तोवर तोंडावर राहतो, बोलताना सुटतो. मास्क सुती कापडाचा, तीनपदरी आणि नाक, तोंड, हनुवटी नीट झाकणारा हवा. २०२० मध्ये राज्यभरातल्या कितीतरी बचत गटांनी असे मास्क शिवून दिले. शिवणारं घर मात्र मास्कवाचून राहू नये! घरातल्या प्रत्येकाचे किमान दोन मास्क ठेवा. रोज साबणाने धुवा, उन्हात वाळवा. ओला झालेला मास्क बदला. बोलताना खाली ओढू नका, कारण बोलतानाच त्याची खरी गरज असते.

४. लक्षणं आणि तपासणी

ताप, खोकला, घसा दुखणं, अंगदुखी, खूप थकवा, वास किंवा चव जाणं, जुलाब ही नेहमीची लक्षणं. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि साधी सर्दीही असते, त्यामुळे अंदाजाने ठरवू नका. आशाताईला कळवा आणि तपासणी करून घ्या. २०२१ मध्ये सरकारी केंद्रावर तपासणी मोफत होती. झटपट होणारी अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आली पण लक्षणं असतील, तर आरटीपीसीआर करायला हवी. अहवाल येईपर्यंत घरात वेगळं राहायचं.

५. ऑक्सिमीटर कसा वापरायचा?

काही जणांचा प्राणवायू हळूहळू उतरत जातो आणि त्यांना दम लागल्याचं जाणवतही नाही. माणूस बोलत असतो, चहा पीत असतो आणि आकडा ८५ वर आलेला असतो. म्हणून आकडा मोजणं महत्त्वाचं.

• बोटाला नेलपॉलिश असेल तर काढा. गडद मेंदी असेल तर मेंदी नसलेलं बोट निवडा. बोट गार असेल तर चोळून गरम करा.
• पाच मिनिटं शांत बसा. मग यंत्र लावून आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण एक मिनिट, थांबा.
• आकडा ९५ किंवा जास्त असेल तर ठीक. ९४ च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. ९० च्या खाली गेला तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा.
• आकडा चांगला असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चाला आणि पुन्हा मोजा. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चालावं. ज्यांना बसल्या जागीच दम लागतो त्यांनी ही चाचणी करू नये. चालल्यावर आकडा ९४ च्या खाली गेला किंवा ३ पेक्षा जास्त उतरला, तर डॉक्टरांना कळवा.
• सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. दवाखान्यात ती वही फार कामाला येते.

दम लागणं, छातीत सतत दुखणं, ओठ निळसर पडणं, गुंगी येणं, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर आकड्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.

६. घरात रुग्ण असेल तर

घरी राहायचं की नाही, हे डॉक्टर सांगतील तसं ठरवा. घरी राहायचं ठरलं तर रुग्णाला खिडकी असलेली खोली द्या. वेगळी खोली नसेल तर पडवी किंवा ओसरीचा एक कोपरा करा, हवा खेळती ठेवा. ताट, वाटी, टॉवेल वेगळा. सेवा एकाच माणसाने करावी आणि दोघांनीही मास्क लावावा. भरपूर पाणी, पेज, वरण-भात, अंडं, डाळी द्या. तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तशी. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉइडची गोळी तर मनाने कधीच घेऊ नका. नको तेव्हा घेतली तर आजार वाढतो आणि साखरही वाढते.

बाळंतीण बाधित असली तरी बाळाला अंगावर पाजू शकते. हात धुवायचे, मास्क लावायचा आणि पाजायचं. आईच्या दुधातून हा आजार पसरल्याचं आढळलेलं नाही.

७. बाईचं दुखणं अंगावर निघतं!

आता एक प्रश्न, खरं उत्तर द्या. तुम्हाला मागच्या वेळी ताप आला तेव्हा घरात कितव्या दिवशी सांगितलंत?

नवऱ्याला कणकण आली की त्याच दिवशी दवाखाना होतो. आपल्याला ताप आला की आधी भाकरी, मग धुणं, मग गुरांचं, मग रोजंदारी. "बघू उद्या" म्हणत चार-पाच दिवस जातात. वर भीती असते ती वेगळीच. तपासलं आणि निघाला तर पोरं कोण बघणार? गल्ली नाव ठेवेल, पाण्याला येऊ देणार नाही. या आजारात हेच चार-पाच दिवस मोलाचे असतात. पहिल्या आठवड्यात साधा वाटणारा ताप दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसात उतरू शकतो. वेळेवर कळलं तर बहुतेक बाया गोळ्या-पाणी आणि विश्रांतीवर बऱ्या होतात. उशीर झाला तर ऑक्सिजन, मोठं हॉस्पिटल आणि पाठोपाठ सावकाराचं कर्ज.

इथे गटाचं काम सुरू होतं. जी ताई बैठकीला आली नाही, तिच्याकडे त्याच दिवशी फोन किंवा निरोप जायला हवा. ती वेगळी राहत असेल तर तिच्या पोरांचा डबा, गुरांचा चारा, पाण्याचे हंडे वाटून घ्या. दवाखान्यासाठी गटाच्या बचतीतून तातडीचं अंतर्गत कर्ज द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटायला विसरू नका, २०२१ मध्ये तिथे कोविडच्या उपचारांची सोय होती. आणि बरी होऊन आलेल्या ताईला बैठकीत मानाने बोलवा.

८. लस आणि अफवा

२०२१ मध्ये आपल्याकडे मुख्यतः कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लशी मिळत होत्या. दोन्हींचे दोन डोस होते. जुलै २०२१ मध्ये कोविशील्डचा दुसरा डोस १२ ते १६ आठवड्यांनी, कोव्हॅक्सिनचा ४ ते ६ आठवड्यांनी देत होते. पहिल्या वेळी जी घेतली तीच दुसऱ्या वेळी घ्यायची होती. तेव्हा १८ वर्षांच्या पुढे सगळ्यांना सरकारी केंद्रावर लस मोफत होती. ऑनलाइन नोंदणी जमत नसेल तर केंद्रावर जाऊनही नाव नोंदवता येत होतं. कोरोना होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिन्यांनी घ्यायची, असा तेव्हा नियम होता.

"लस घेतली की ताप येतो, म्हणजे आजारच होतो!" नाही. एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणं ही शरीर तयारी करत असल्याची खूण आहे.

"पाळीच्या दिवसांत घेऊ नये!" खोटं आहे. पाळीच्या कुठल्याही दिवशी घेता येते.

"पोरीबाळींना मूल होणार नाही!" याला कसलाही आधार नाही. स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये आणि गरोदर बायांना जुलै २०२१ पासून सरकारने लस खुली केली.

"लस घेतली, आता मास्क कशाला?" लसीनंतरही लागण होऊ शकते. पण आजार गंभीर होण्याचा आणि जीव जाण्याचा धोका खूप कमी होतो. आपल्याकडून सासूला किंवा लहानग्याला आजार जाऊ नये म्हणून मास्क चालूच ठेवायचा.

काढा, वाफ, ओवा-कापूर यांनी घशाला आराम वाटत असेल, पण विषाणू मरत नाही. नाकात लिंबू पिळणं तर घातक आहे. असे काही करू नका, दुसरीला सांगू नका.

९. बरं झाल्यानंतर

अशक्तपणा काही आठवडे राहू शकतो. लगेच खुरपणीला किंवा लावणीला वाकू नका, काम हळूहळू वाढवा. साखर तपासून घ्या. चेहऱ्याच्या एका बाजूला सूज किंवा दुखणं, नाकातून काळपट स्राव, एकाचे दोन दिसणं ही काळ्या बुरशीची लक्षणं असू शकतात. लगेच दवाखान्यात जा.

कोरोनाने घरातलं माणूस गेलं असेल तर त्याचं बँक पासबुक नीट बघा. २०२० किंवा २०२१ मध्ये ३३० रुपये कापले गेले असतील तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा तेव्हाचा हप्ता असू शकतो. या विम्यात आजाराने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा. तेव्हा १२ रुपयांचा असलेला विमा मात्र अपघाताचा आहे, तो आजाराला लागू होत नाही. दुःखात असलेल्या बाईला हे सुचत नाही, म्हणून सोबत गटाने जावं.

या बैठकीत ठरवायची कामं

• बैठक अंगणात किंवा झाडाखाली, मास्क लावून, अंतर ठेवून घ्यायची. दारात साबण-पाणी ठेवायचं.
 
• ग्रामसंघाने वस्तीसाठी एक ऑक्सिमीटर घ्यायचा. तो कोणाकडे राहील, वापरल्यावर पुसून कोण ठेवेल, हे ठरवायचं.
• आशाताई, आरोग्य केंद्र आणि १०८ हे नंबर प्रत्येकीच्या घरात भिंतीवर लिहायचे.
• कोणीही ताई आजारी पडली तर पहिल्याच दिवशी गटाला सांगेल, असा ठराव करायचा आणि सगळ्यांनी सही-अंगठा करायचा.

पुढच्या बैठकीत अध्यक्षताईंनी ही यादी पुन्हा काढावी आणि एकेक काम झालं का, ते विचारावं.