लोणारचे गुलाबी पाणी

उन्हाळा सरत आला की देहूरोडला घरोघरी कैऱ्या चिरल्या जातात. फोडींना मीठ लावून त्या बरणीत भरतात व बरणीच्या तोंडाला दादरा बांधतात. ते लोणचे वर्षभर टिकते. असे का होते? पदार्थ नासविणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या अंगातील पाणी मीठ ओढून घेते आणि ते निर्जीव होतात. परंतु मिठावाचून ज्यांचे चालत नाही, असेही सूक्ष्मजीव सृष्टीत आहेत.

बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे उल्कापाताने झालेल्या विवरात खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. त्यातून एकही ओढा बाहेर वाहत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. २०२० सालच्या जून महिन्यात या सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक चकित झाले; नाना तर्क सुरू झाले.

वनखात्याने पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठविले. देहूरोडहून लोकलगाडीने तासाभरात गाठता येणाऱ्या पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेतही ते आले. प्रथम शास्त्रज्ञांना शैवालाचा संशय आला. पण नमुना स्थिर ठेवताच गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले! रंग पाण्याचा नव्हता. तो पाण्यातील जीवांचा होता. ते जीव म्हणजे लवणप्रिय हॅलोआर्किया. त्या उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले होते; त्यामुळे त्यांची संख्याही वाढली होती.

मग मीठ यांना का मारीत नाही? हे जीव आपल्या पेशीतही पोटॅशियमचे क्षार भरून ठेवतात. आत-बाहेर क्षारांचा तोल राहिल्याने पेशीतील पाणी बाहेर ओढले जात नाही. त्यांच्या अंगातील लालसर रंगद्रव्य प्रखर उन्हापासून त्यांचे रक्षण करते. गोडे पाणी मात्र त्यांना मानवत नाही. त्यात यांतील पुष्कळांच्या पेशी फुटून जातात.

आर्किया हे जीवाणूंहून निराळे आहेत, हे १९७७ साली अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूस यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले.

जे मीठ एकाचे मरण, तेच दुसऱ्याचे जीवन! नवल दिसताच भिऊन न जाता, त्याचे कारण धीराने शोधावे, हेच लोणारच्या गुलाबी पाण्याने शिकविले.

स्वाध्याय
१. मीठ लावल्याने लोणचे का टिकते?
२. रंग पाण्याचा नसून जीवांचा आहे, हे कशावरून कळले?
३. वाक्यांत उपयोग करा : चकित होणे, संशय येणे, मानवणे.