लिम्फोसाइट वाढल्या म्हणजे कर्करोगच का?

आमच्या पुण्याच्या शाखेतील एका सहकाऱ्याच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी थोड्या जास्त निघाल्या. घरी ‘ब्लड कॅन्सर’ एवढाच शब्द पोहोचला आणि वहिनींनी दागिने मोडायला काढले. म्हणून आम्ही हा विषय डॉक्टरांकडून समजून घेतला.

बी लिम्फोसाइट प्रतिद्रव्ये बनवतात. प्रत्येक बी पेशीवर कॅपा किंवा लॅम्ब्डा यांपैकी एकच खूण असते. निरोगी रक्तात दोन्ही खुणांच्या पेशी मिसळलेल्या असतात. एकाच पेशीची पिलावळ माजली की त्या साऱ्यांवर एकच खूण. आम्हा कॅशवाल्यांच्या भाषेत, बंडलात एकाच नंबरच्या नोटा सापडणे! साध्या रक्तगणनेत हे कळत नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री करावी लागते.

तरीही एवढ्याने कर्करोग ठरत नाही. २००५ साली तज्ज्ञांनी निकष ठरवले : एका घन मिलिमीटर रक्तात बी पेशी ५,००० पेक्षा कमी, गाठी नाहीत, प्लीहा वाढलेली नाही, तर ती ‘मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस’. अशा पेशी ५०० च्या आत असतील तर पुढे रोग होणे फार विरळ. जास्त असतील तर दरवर्षी शंभरात एक-दोघांनाच उपचार घेण्याची पाळी येते. तोवर औषध नाही, वर्षाला तपासणी मात्र चुकवायची नाही.

मानेत गाठ आली तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे ती क्षयाचीच धरली जाते. गाठीचा तुकडा तपासून घ्यावा.

दागिने पुन्हा कपाटात गेले. सहकारी दर जानेवारीत रक्त देऊन थेट काउंटरवर येतात.