जुन्या लॅपटॉपला एसएसडी : अडते कुठे, खर्च किती?

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. एसएसडी बसवून आणली आणि विंडोज चढेना, की पुन्हा तीच फेरी. पण अशा वेळी दोष बहुधा एसएसडीचा नसतो, सेटिंगचा असतो. त्यामुळे पैसे मोजण्याआधी पुढील गोष्टी घरीच तपासा. डेटाची प्रत मात्र आधी काढून ठेवा.

फुकटात सुटणाऱ्या अडचणी

१. बायोसमध्येच एसएसडी दिसत नाही : ती काढून पुन्हा घट्ट बसवा. एम-डॉट-टू प्रकारची असेल, तर लॅपटॉपचा स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा, हे मॉडेल नंबरवरून पाहा. फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई एसएसडी चालत नाही. खरेदीतली सर्वांत महागडी चूक हीच.

२. बायोसमध्ये दिसते, विंडोजच्या यादीत नाही : साटा मोड ‘रेड’वर असेल तर ‘एएचसीआय’ करा.

३. डिस्क ‘जीपीटी’ किंवा ‘एमबीआर’ आहे म्हणून विंडोज नकार देते : विंडोजचा पेन ड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला आहे आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीची आहे. यूईएफआयला जीपीटी लागते, जुन्या लेगसी बायोसला एमबीआर. रूफस या मोफत प्रोग्रामने पेन ड्राइव्ह योग्य पद्धतीने पुन्हा तयार करा. एसएसडीवर जपायचा डेटा नसेल, तर तिच्यावरची सगळी पार्टिशन काढून टाका.

४. विंडोज चढले, पण पेन ड्राइव्ह काढताच ‘नो बूटेबल डिव्हाइस’ : बूट क्रम पाहा. जुनी हार्डडिस्क जोडलेली ठेवून विंडोज टाकले, तर बूट फाइल तिच्यावरच जाऊ शकते. ती हार्डडिस्क काढून विंडोज पुन्हा टाका.

५. तारीख-वेळ सारखी मागे जाते : बायोसची छोटी बॅटरी संपली आहे. ती बदलेपर्यंत सेटिंग टिकत नाही.

खर्चाचा अंदाज

फॉरमॅट मारून विंडोज टाकण्याची मजुरी साधारण ३०० ते ६०० रुपये. जुनी हार्डडिस्क बाहेरून जोडण्याचे केसिंग ३०० ते ५००. २०२४ मध्ये २५६ जीबीची साटा एसएसडी दीड-दोन हजारांत मिळे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या, म्हणून त्या दिवशीचा भाव दोन दुकानांत विचारा. मूळ विंडोज अधिकृत असेल, तर डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. फक्त एसएसडी बदलल्यावर नवी ‘की’ विकत घ्यावी लागत नाही.

विंडोज की लिनक्स?

विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकता येते; ते मोफत आहे आणि ४ जीबी रॅमवर चालते. टॅली, श्रीलिपी किंवा कन्नड नुडीवर काम असेल, तर मात्र विंडोजच ठेवा.

हद्दीच्या अलीकडे-पलीकडे

एसएसडीवर जीएसटी १८ टक्केच, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही. ‘तिकडे टॅक्स कमी’ यात तथ्य नाही. सिरियल नंबर असलेले पक्के बिल घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या मालाची तक्रार निपाणीकर बेळगावात करू शकतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.

रॅम ४ जीबीपेक्षा कमी असेल आणि वाढवता येत नसेल, किंवा बॅटरी, स्क्रीन, बिजागर यांपैकी दोन गोष्टी गेल्या असतील, तर त्या लॅपटॉपवर पैसे घालू नका. बाकी यंत्र धड असेल, तर एसएसडीइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.