आरसा आधी निवू द्या

गोष्ट १९१७ सालच्या १ नोव्हेंबरच्या रात्रीची. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेची १०० इंची, म्हणजे सुमारे अडीच मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण प्रथमच आकाशाकडे वळली. त्या वेळी ती जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. जॉर्ज हेल यांनी गुरूकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. एका गुरूऐवजी एकमेकांवर चढलेले सहा-सात गुरू दिसत होते! इतक्या वर्षांची मेहनत फुकट गेली की काय? चौकशीअंती कळले, की दिवसा घुमट उघडा राहिला होता आणि आरशावर ऊन पडले होते. पहाटे तीनच्या सुमारास हेल पुन्हा दुर्बिणीपाशी आले. गुरू तोवर पश्चिमेला कलला होता, म्हणून त्यांनी एक तारा पाहिला. तो अगदी रेखीव दिसला. आरशात खोट नव्हती. तो तापलेला होता, इतकेच.

पुण्यात १८८८ साली नायगामवाला यांची वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. आज २५० मिलिमीटर (१० इंच) व्यासाचा आरसा हौशी निरीक्षकाच्या घरीही असू शकतो. काहीजण तर तो स्वतः घासून तयार करतात. मोठ्या आरशाचा फायदा काय? आकाशातील बारीक कोन विकलांत मोजतात. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ११६ ला आरशाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागा, म्हणजे तो किती विकलांपर्यंतचा तपशील वेगळा दाखवील ते मिळते. १०० मिलिमीटरचा आरसा १.१६ विकला, तर २५० मिलिमीटरचा ०.४६ विकला. गुरूचे बिंब पृथ्वीजवळ असताना सुमारे ४६ विकलांचे असते. म्हणजे मोठ्या आरशातून त्याच्या व्यासावर शंभर वेगवेगळे ठिपके मावतात.

आता समजा, तुम्ही मुखेडला आहात. तुमचे अक्षांश सुमारे १८.७ उत्तर. जानेवारी २०२६ मध्ये गुरू मिथुन राशीत प्रतियुतीला होता आणि खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २२ अंशांवर होता. म्हणजे मध्यरात्री तो मुखेडच्या जवळजवळ डोक्यावर! फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीलाही तो माथ्याच्या आसपासच असेल. ग्रह डोक्यावर असला की त्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत कमी जाडीतून येतो. लंडनच्या निरीक्षकाला हे भाग्य कधीच लाभत नाही.

पण मराठवाड्याचे ऊन हे भाग्य हिरावूनही घेते. दिवसभर पत्र्याच्या खोलीत ठेवलेली दुर्बीण रात्री आठला बाहेर काढली, तर आरसा हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी गरम असू शकतो. चुलीवरच्या तव्यापलीकडची भिंत हलताना तुम्ही पाहिली असेल. आरशावरही तसेच घडते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. हिशेबच करू. हवा एक अंशाने तापली की तिचा वक्रीभवनांक सुमारे दहा लाखांश भागाने कमी होतो. आरशासमोर दहा सेंटिमीटर जाडीची हवा एका बाजूला एक अंशाने गरम असली, तर तिथल्या किरणांच्या मार्गात १०० नॅनोमीटरचा फरक पडतो. किरण आरशाकडे जाताना आणि परत येताना, असा दोनदा त्या हवेतून जातो. म्हणून फरक २०० नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर आहे आणि तिच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे सुमारे १३७ नॅनोमीटरहून, जास्त चूक झाली की प्रतिमा बिघडू लागते. महिनोन्महिने घासून आणलेली अचूकता एका अंशाने घालवली!

आरसा जितका जाड, तितका उशिरा निवतो. २५० मिलिमीटर व्यासाच्या, ४ सेंटिमीटर जाड काचेचे वजन चार किलोंच्या वर भरते; स्थिर हवेत तिला दोन-तीन तास सहज लागतात. पालोमार वेधशाळेच्या पाच मीटर आरशाची (१९४८) पाठ म्हणूनच भरीव नाही, जाळीदार खणांची आहे. शिवाय निरभ्र रात्री हवाही निवतच असते. आरसा तिच्या मागे धावतो आणि नेहमी थोडा मागे पडतो.

तेव्हा निरीक्षणाची तयारी दुपारीच सुरू करा. दुर्बीण सावलीत, जाड कापडाखाली ठेवा आणि सूर्य मावळताच उघड्यावर आणा. पाण्याने आरसा थंड करण्याचा खटाटोप नको. काच तडकू शकते. जुन्या संगणकातील बारा व्होल्टचा छोटा पंखा आरशाच्या पाठीमागे रबरी पट्ट्यांवर टांगा, म्हणजे त्याची थरथर नळीला जाणार नाही. स्लॅबच्या गच्चीचा मोह टाळा, ती मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. मोकळे शेत किंवा गवत बरे. प्रयोगशाळेतील दोन तापमापी घ्या. एक आरशाच्या पाठीला टेकवा, दुसरा हवेत टांगा आणि दर पंधरा मिनिटांनी नोंद करा. फरक एका अंशाच्या आत आला की छायाचित्रणाला लागा.

ग्रहाचे आता एकच छायाचित्र घेत नाहीत. छोट्या कॅमेऱ्याने चित्रफीत घेऊन तिच्यातील हजारो चित्रांपैकी हवा क्षणभर स्थिर असतानाची तेवढी निवडतात आणि संगणकावर एकमेकांवर बसवतात. पण इथे गुरू घाई करतो. तो ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मध्यावरील ढग मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतात. २५० मिलिमीटर आरशाला ही हालचाल दोन मिनिटांत जाणवते, तर १०० मिलिमीटरच्या आरशाला जवळजवळ पाच मिनिटे मिळतात. आरसा मोठा, तर सवड थोडी! चित्रे निवडून दूरच्या हवेची थरथर बरीचशी चुकवता येते, पण गरम आरशावरची हवा सतत हलत असते. हजार चित्रांत एकही चांगले सापडत नाही.

शंका आली तर एक तेजस्वी तारा दुर्बिणीत धरून प्रतिमा मुद्दाम अस्पष्ट करा. ताऱ्याची गोल चकती दिसेल. मित्राला दुर्बिणीच्या तोंडासमोर हात धरायला सांगा. चकतीत बोटांची सावली दिसेल आणि तिच्यातून उष्ण हवेचे धागे वर चढताना दिसतील. आता हात काढायला सांगा. धागे तरीही वळवळत राहिले, तर पंखा अजून अर्धा तास चालू ठेवा.