अर्जावर शिक्का पडल्यानंतर

दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ‘आता यांना जाब विचारलाच पाहिजे.’ खाली अंगठ्यांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला. आमच्यातल्या चार-पाच जणांनी त्यापुढे जाऊन महापालिकेत निवेदनं द्यायला सुरुवात केली. शाळेसमोरची वाहतूक, बंद दिवे, तुंबणारी गटारं, बागेसाठी राखून ठेवलेला एक ओसाड भूखंड, असे विषय निघत गेले. काही कामं झाली, काही अर्ज ‘दप्तरी दाखल’ झाले. त्या खटपटीतून हाती लागलेल्या या गोष्टी.

१. रस्ता कोणाचा, ते आधी शोधा

आपल्या दारातला रस्ता महापालिकेचाच असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, एमआयडीसीचा, सिडकोचा, रेल्वेचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. पुष्कळ ठिकाणी खांबांवरच्या तारा महावितरणच्या आणि दिवे पालिकेचे असतात. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज परत येत नाही. तो ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ होतो आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. खात्री नसेल तर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारावं. ‘हा आमच्याकडे येत नाही’ हे तो पटकन सांगतो आणि कोणाकडे येतो तेही बहुधा त्याला ठाऊक असतं.

२. एका कागदावर एकच मागणी

‘रस्ता, पाणी, भटकी कुत्री व इतर समस्यांबाबत’ असा विषय लिहिला की तो अर्ज कोणाचाच राहत नाही. रस्ते एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे, कुत्री आरोग्य खात्याकडे. प्रत्येक जण आपल्या ओळीपुरतं बघतो आणि बाकीच्या विषयांचं कारण देऊन कागद पुढे ढकलतो. तीन अडचणी असतील तर तीन अर्ज लिहावेत. विषयाच्या ओळीत जागा, अडचण आणि मागणी एवढं आलं पाहिजे. मजकूर एका पानात संपावा. ‘गेली अनेक वर्षे नागरिक हालअपेष्टा सोसत आहेत’ हे वाक्य वाचून तिथल्या कोणाचंही मन द्रवत नाही, कारण सकाळपासून त्यांनी ते दहादा वाचलेलं असतं.

३. उपाय सुचवण्याआधी अडचण मोजा

शाळेसमोर गतिरोधक हवा, अशी आमच्याकडच्या पालकांची मागणी होती. गतिरोधक म्हणजे कुठेही डांबराचा उंचवटा टाकायचा नसतो. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकानुसार तो साधारण ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि गोलसर चढ-उताराचा असावा लागतो. त्यावर पट्टे आणि त्याच्या अलीकडे सूचना फलक लागतो. वाहतूक पोलिसांचं म्हणणंही घ्यावं लागतं. हे न पाळता घातलेले उंचवटे पाठीचे मणके आणि रुग्णवाहिकेची वेळ दोन्ही खातात. म्हणूनच अभियंते नुसत्या ‘गतिरोधक टाका’ या अर्जाला बिचकतात.

आमच्यातली एक आई शाळा सुटायच्या वेळी फाटकाशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात वही घेऊन उभी राहिली. दुचाकी गेली की रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. दुसऱ्या पानावर रस्ता ओलांडणारी मुलं. तिसऱ्यावर, किती गाड्या मुलांसाठी थांबल्या. ते पान जवळपास कोरंच राहिलं. त्या तीन पानांची प्रत आम्ही अर्जाला जोडली आणि मागणी लिहिली ती अशी: ‘शाळा सुटताना मुलांना रस्ता सुरक्षितपणे ओलांडता यावा, यासाठी पाहणी करून योग्य ती उपाययोजना करावी.’ कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आला, तोही बरोबर शाळा सुटायच्या वेळी, कारण वेळ अर्जातच होती. त्याने गतिरोधकाबरोबर झेब्रा पट्टे सुचवले आणि फाटकासमोरची पार्किंग हलवायला सांगितलं. पार्किंगचं आम्हाला सुचलंही नव्हतं. अडचण आपली असते, उपायाचं ज्ञान त्याचं असतं, आणि त्याला ते वापरायला जागा ठेवावी.

४. पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका

अर्जाच्या दोन प्रती हव्यात. एक आवक-जावकच्या खिडकीत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ असं म्हटलं जातं, तेव्हा हसून तिथेच उभं राहावं. शिक्क्याची शाई पुसट असेल तर क्रमांक पेनाने गिरवून घ्यावा. साहेबांच्या हातात थेट दिलेल्या निवेदनाचा फोटो छान येतो, पण नोंद होत नाही, आणि नोंद नसलेला कागद सरकारी जगात जन्मालाच आलेला नसतो. पुढचं प्रत्येक पत्र ‘संदर्भ: आमचा अर्ज, आवक क्र. अमुक, दिनांक तमुक’ या ओळीने सुरू करावं. त्या ओळीने लिपिकाला फाइल काढावीच लागते.

५. सह्या किती, त्याहून कोणाच्या ते महत्त्वाचं

लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहून दोनशे सह्या सहज मिळतात. त्यातले निम्मे दुसऱ्या गावचे असतात. सहीपुढे नाव, पूर्ण पत्ता आणि शक्य तर मतदार यादीतला भाग क्रमांक असला, की त्या कागदाला वजन येतं.

ही अक्कल आपल्याकडे जुनी आहे. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास जणांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे. सरकारने ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असं विचारलं तर उत्तर कागदावर तयार असे. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका यांच्या काळात सभेने सरकारकडे जे अर्ज धाडले, त्यांच्या पाठीशी हे बळ होतं.

आजच्या कायद्यातही असं एक उदाहरण आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घ्यावं लागतं. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे सही करून घरी बसलेली बाई नकळत उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. म्हणून आपल्या अर्जावर सह्या गोळा करतानाच विचारावं, ‘पाहणीच्या दिवशी याल ना?’ हो म्हणणाऱ्या वीस जणांची यादी वेगळी ठेवावी. खरं निवेदन ती यादी असते.

६. कर्तव्य कोणतं आणि मर्जी कोणती

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये दोन कलमं जवळजवळ आहेत. कलम ६३ मध्ये पालिकेने करायलाच हवीत अशी कामं आहेत: गटारं, रस्त्यावरचे दिवे, सार्वजनिक रस्ते, पाणीपुरवठा, प्राथमिक शाळा वगैरे. कलम ६६ मध्ये करता येतील अशी कामं आहेत. दिव्याच्या अर्जात ‘कलम ६३ नुसार’ एवढेच शब्द घातले की विनंतीचा सूर न बदलताही अर्जाचा कणा ताठ होतो. ऐच्छिक कामांसाठी मात्र कलमं नाचवून उपयोग नाही. तिथे पैसा, जागा आणि लोकांचा रेटा दाखवावा लागतो.

७. दिवाळीआधी मागा, मार्चमध्ये नव्हे

‘निधी उपलब्ध नाही’ हे उत्तर पुष्कळदा खरं असतं. लेखाशीर्षात तरतूदच नसेल तर अभियंत्याने काम करायचं कुठून? खात्यांची अंदाजपत्रकाची तयारी साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि वर्षाच्या सुरुवातीला आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात. त्याआधी आलेल्या मागणीला यादीत जागा मिळू शकते. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात. त्यासाठी छापील अर्ज असतो. ज्या शहरांत अशी सोय नाही, तिथेही साधं निवेदन देता येतंच.

खेड्यात याच कामाला ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तिच्या रूढ तारखा सगळ्यांच्या लक्षात असतात, पण त्या दिवशीचा कार्यक्रम झाल्यावर थांबणारे थोडे. आपला विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा आणि ठराव झाला की इतिवृत्तात तो कोणत्या शब्दांत लिहिला गेला, ते वाचून मगच उठावं.

८. हरकतीची मुदत चुकली की सगळं चुकलं

विकास आराखडा बदलतो, भूखंडाचं आरक्षण उठतं, झाडं तोडायची असतात, तेव्हा कायद्याने हरकती मागवाव्या लागतात. नगररचना अधिनियम, १९६६ खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला तरी सूचना प्रसिद्ध करून महिनाभराची मुदत द्यावी लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात ती सूचना येते. झाडाला खिळ्याने ठोकलेला नोटिशीचा कागद पहिल्याच सरीत विरघळतो. नंतर हजार सह्यांचा मोर्चा नेला तरी ‘विहित मुदतीत हरकत प्राप्त नाही’ हे एक वाक्य त्याला पुरतं. आमच्या बागेच्या भूखंडासाठी एका निवृत्त शेजाऱ्यांनी रोज जाहीर सूचनांचं पान वाचायचं काम अंगावर घेतलं आहे. प्रत्येक वस्तीत असं एक माणूस हवंच.

९. माहिती अधिकार धमकी म्हणून वापरू नका

महिना-दीड महिना उत्तर नाही आलं, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, मग पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांनुसार त्यातही विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत लागतो. ‘आमचं काम का केलं नाही?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण ‘का’ ही माहिती नसते. विचारावं असं: आवक क्रमांक अमुक या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी, आणि तो कोणत्या तारखेपासून कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते कळवावं. बरेचदा हा अर्ज पोहोचल्यावर मूळ फाइल आपोआप हलते.

लोकशाही दिनाचाही उपयोग करावा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी स्वतः तक्रारी ऐकतात. तिथे विहित नमुन्यातला अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून त्याच दिवशी सकाळी जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

१०. फोटो त्यांचा, दिवा आपला

काम मंजूर झालं की चौकात फलक लागतो, ‘अमुक भाऊंच्या अथक प्रयत्नांतून’. आमच्यातले काही जण यावर भयंकर चिडतात. चिडू नये. नगरसेवकाने सभागृहात विषय लावून धरला असेल तर तो त्याचा हक्क आहे, आणि पुढच्या कामाला तो पुन्हा लागणार आहे. निवेदनाची प्रत सगळ्या पक्षांच्या लोकांना द्यावी, सही मात्र फक्त रहिवाशांची असावी. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाच्या हाती गेली. तेव्हा कळलं, की फलक लावणारा का होईना, रात्री दार ठोठावता येईल असं एक घर वॉर्डात असणं किती मोलाचं असतं.

११. काम झालं की तेही लिहून कळवा

गतिरोधक झाल्यावर आम्ही त्या अभियंत्याला दोन ओळींचं आभाराचं पत्र दिलं आणि प्रत त्याच्या वरिष्ठांना. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं. त्या कार्यालयात तक्रारीच्या गठ्ठ्यांनी कपाटं भरलेली असतात, आभाराचं पत्र क्वचित येतं. पुढच्या वेळी आमचा अर्ज वाचताना तो नाव ओळखतो. यात लाळघोटेपणा काही नाही. माणसं त्या बाजूलाही आहेत, आणि त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं.

या सगळ्याचं सार एवढंच, की निवेदन असं लिहावं की ते मंजूर करणं नाकारण्यापेक्षा सोपं पडेल. योग्य खातं, एकच मागणी, मोजलेला पुरावा, वेळेवर पडलेला शिक्का आणि मागे उभी असलेली ओळखीची माणसं. तुमच्या गल्लीतलं जे एक काम तुम्हाला रोज खुपतं, त्यावर या आठवड्यात एका पानाचा अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि खिडकीवर जाऊन आवक क्रमांक घेऊनच परत या.