वनाने दिलेले वस्त्र

या पाठात आपण जंगलात तयार होणाऱ्या टसर रेशमाची आणि ते जपणाऱ्या लोकांच्या ज्ञानाची ओळख करून घेणार आहोत.

बंगळूरुजवळचे आनेकल रेशीम विणकामासाठी ओळखले जाते. कर्नाटकात प्रामुख्याने तुतीचे रेशीम तयार होते. त्यासाठी शेतात तुती लावावी लागते आणि अळ्या घरात वाढवाव्या लागतात. परंतु शेताशिवाय, घराशिवाय, केवळ वनाच्या आधाराने तयार होणारे रेशीमही आपल्या देशात आहे. त्याचे नाव टसर. विदर्भात त्याला कोसा म्हणतात.

गडचिरोली आणि भंडारा या जिल्ह्यांतील पानझडी वनांत ऐन व अर्जुन हे वृक्ष विपुल आहेत. टसरच्या अळ्या त्यांच्याच पानांवर वाढतात. हे काम तेथील ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. अळ्या झाडांवर सोडायच्या, पक्षी व मुंग्यांपासून त्यांची राखण करायची आणि एका झाडाचा पाला संपला की त्यांना दुसऱ्या झाडावर न्यायचे, असा हा क्रम असतो. कोष तयार झाले की त्यांतील उत्तम कोष पुढील पिकाच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवतात. झाड तोडले तर पुढच्या वर्षी कोसा नाही, हे राखणदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

या धाग्यापासून विदर्भातील कोष्टी विणकर करवतकाठी साडी विणतात. अंगाचा आणि दोन्ही काठांचा आडवा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी फिरवून एकमेकांत अडकवला जातो. त्यामुळे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी उमटते. या साडीला भौगोलिक उपदर्शन मिळाले आहे.

वनाशी नाते राखून वस्तू घडवणारे लोक जगात इतरत्रही आहेत. अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनातील मूळ रहिवासी रबराच्या चिकापासून पाणी न शिरणारी पादत्राणे बनवीत. त्यासाठी झाड तोडावे लागत नसे. सालीला चीर दिली की पुरे.

मात्र परंपरेतील सर्वच गोष्टी जशाच्या तशा जपाव्यात असे नाही. पूर्वी स्त्रिया टसरचा धागा उघड्या मांडीवर वळून काढीत. त्यामुळे त्वचेला इजा होई. केंद्रीय रेशीम मंडळाच्या बंगळूरु येथील संशोधन संस्थेने हे कष्ट टाळणारी यंत्रे विकसित केली. ज्ञान टिकावे, वेदना मात्र संपावी, हाच योग्य मार्ग होय.

आज ‘शाश्वत वस्त्र’ हा शब्द बाजारात वारंवार ऐकू येतो. पण साडीची किंमत वाढूनही राखणदाराच्या आणि विणकराच्या हाती पुरेसे मोल पडले नाही, तर त्यांची मुले हे काम सोडतील. मग वन उभे राहील, पण ते वाचणारे डोळे उरणार नाहीत. म्हणून वस्त्र घेताना केवळ रंग व पोत पाहू नये. ते कोणत्या हातांतून आले आणि त्या हातांना काय मिळाले, हेही विचारावे.

शब्दार्थ
धोटा – आडवा धागा नेणारे विणकामाचे साधन
चीक – झाडातून पाझरणारा पांढरा द्रव
मोल – मोबदला, किंमत

पाठगत प्रश्न
१. तुतीचे रेशीम आणि टसर यांच्या उत्पादनात कोणता फरक आहे?
२. करवतकाठी साडीच्या काठावर नक्षी कशी उमटते?
३. ‘ज्ञान टिकावे, वेदना मात्र संपावी’ हे विधान आपल्या परिसरातील एखाद्या व्यवसायाच्या आधारे स्पष्ट करा.